लॅपटॉप बूट होताना मध्येच अडकतो: लिनक्समध्ये पॉवर मॅनेजमेंटचा दोष नेमका कसा शोधायचा

पॉवरचं बटण दाबलं, कंपनीचा लोगो आला, ग्रबच्या (कोणती सिस्टम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून उबुंटू निवडलं आणि पुढे स्क्रीन काळी ती काळीच. कॅप्स लॉक दाबून पाहिलं तरी दिवा लागत नाही, पंखा मात्र फिरत राहतो. मग बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कधी पहिल्या खेपेला सुरू होतं, कधी चौथ्या. चार्जर लावलेला असेल तर नीट चालतं आणि बॅटरीवर अडकतं, किंवा नेमकं उलट.

शेवटचं लक्षण फार मोलाचं आहे. रॅम किंवा डिस्क खराब असेल तर ती सहसा चार्जरकडे बघून वागत नाही. चार्जर लावल्या-काढल्याने फरक पडत असेल, किंवा पूर्ण बंद करून चालू केल्यावर अडकतं पण रिस्टार्ट केल्यावर नाही असं असेल, तर संशय आधी पॉवर मॅनेजमेंटवर घ्यावा.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘एसीपीआय=ऑफ’ द्या आणि विसरून जा. मशीन सुरू होतंही. पण हा इलाज नाही, ही चाचणी आहे. एसीपीआय ही मशीनची वीज सांभाळणारी व्यवस्था; ती बंद केली की बॅटरीची टक्केवारी दिसत नाही, झाकण मिटल्याचं सिस्टमला कळत नाही, शट डाउन केल्यावर मशीन आपोआप बंद होत नाही. आजच्या प्रोसेसरचा बहुतेक वेळा एकच कोअर चालतो, कारण बाकीच्या कोअरची यादी एसीपीआयच्या टेबलातूनच येते. नव्या लॅपटॉपचा टचपॅडही अनेकदा जातो. आठ कोअरचं मशीन एका कोअरवर वर्षभर चालवणारे लोक आहेत, केवळ पुढची पायरी कुणी सांगितली नाही म्हणून. ती पायरी म्हणजे सगळं एसीपीआय बंद न करता, त्यातला जो एक धागा अडकतोय तेवढाच सोडवणं.

का अडकतं?

एसीपीआय हे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेलं मानक. त्याआधीच्या एपीएम या पद्धतीत वीज वाचवायचं काम बायोस, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच साठवलेला फर्मवेअर प्रोग्राम, करत असे. एसीपीआयने ते ऑपरेटिंग सिस्टमच्या हाती दिलं. त्यासाठी फर्मवेअर कर्नलला काही टेबलं देतं. त्यातलं मुख्य म्हणजे डीएसडीटी. ही नुसती माहितीची यादी नसते, तो चालवायचा प्रोग्राम असतो. ‘ग्राफिक्स कार्डाची वीज तोड’, ‘बॅटरीची स्थिती विचार’ अशा कामांचा कोड मशीन बनवणाऱ्याने लिहिलेला असतो आणि लिनक्स कर्नल तो आपल्या आत चालवतं.

मशीन बनवणारे हा कोड बहुतेक विंडोजवरच तपासतात. त्यात एखादी पळवाट नसलेली वाट पाहणी असेल, म्हणजे ‘अमुक चिपने होकार देईपर्यंत थांब’, आणि चिपने होकार दिलाच नाही, तर कर्नल तिथेच उभं राहतं. शिवाय हा कोड कर्नलला ‘तू कोणती सिस्टम?’ असंही विचारतो आणि उत्तराप्रमाणे वेगळ्या वाटेने जातो. लिनक्स मुद्दामच ‘मी विंडोज’ असं उत्तर देतं, कारण तीच वाट जास्त तपासलेली असते. पण विंडोजच्या ड्रायव्हरने जे मधे करायचं असतं ते लिनक्सचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी करतोच असं नाही.

आधी पाहा, मग बदला

खाली आज्ञा आणि पॅरामीटर उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. कर्नल पॅरामीटर छोट्या लिपीत, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता.

ग्रबची यादी दिसत नसेल तर लोगो येताच एस्केप दाबा. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. यादीतली ओळ निवडून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असतं, ते दोन्ही शब्द खोडा आणि त्या जागी ‘इग्नोअर_लॉगलेव्हल’ लिहा. कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१० दाबलं की बूट सुरू होतं. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा.

आता स्क्रीनवर ओळी धावतील. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, नंतर थांबवून वाचता येतो. शेवटी दिसलेली ओळ म्हणजे गुन्हेगार असं मात्र धरू नका. ते काम होऊन गेलेलं असतं, अडकलेलं काम त्याच्या पुढचं. तेही पकडायचं असेल तर ‘इनिटकॉल_डीबग’ जोडा. मग प्रत्येक भाग सुरू होताना ‘कॉलिंग’ अशी ओळ येते आणि संपल्यावर दुसरी. ज्या भागाच्या ‘कॉलिंग’ला जोडीची ओळ आलेली नाही, त्याच्याकडे बोट दाखवा.

मशीन कसंबसं सुरू झालं की ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ चालवा. अडकलेली खेप त्या यादीत असेल तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ने तिच्या शेवटच्या ओळी वाचता येतात. खेप यादीत नसेल तर तेही एक उत्तर आहे: डिस्कवर लॉग लिहिण्याच्या आधीच मशीन थांबलं. म्हणजे दोष कर्नलच्या अगदी सुरुवातीला, नाहीतर डिस्कशीच संबंधित.

आणि घड्याळ लावा. हे कुणी करत नाही. अडकलंय असं वाटून वीस सेकंदांत बटण दाबलं जातं आणि खरं तर मशीन कशाची तरी वाट पाहत असतं. निदान तीन मिनिटं थांबा.

तीस किंवा नव्वद सेकंदांनी पुढे गेलं तर

हा हँग नाही, ही वाट पाहणी आहे आणि सोडवायला सर्वांत सोपी.

साधारण तीस सेकंदांचा थांबा आणि ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’ अशी ओळ दिसली, तर कर्नल हायबरनेशनची जतन केलेली प्रत शोधतंय आणि ज्या स्वॅप पार्टिशनवर (डिस्कच्या, रॅमला जोड देणाऱ्या भागावर) ती असायची ते पार्टिशन त्या ओळखक्रमांकाने राहिलेलं नाही. शेजारी दुसरं लिनक्स टाकताना त्याच्या इन्स्टॉलरने स्वॅप पुन्हा फॉरमॅट केलं की हा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, बदलतो आणि हे घडतं. ‘सुडो बीएलकेआयडी’ने स्वॅपचा आताचा यूयूआयडी पाहा. मग ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम’ या फाइलमधला आकडा त्याच्याशी जुळवा. हायबरनेट वापरतच नसाल तर तिथे फक्त ‘रिझ्यूम=नन’ लिहा; यातला रिझ्यूम हा शब्द मोठ्या लिपीत हवा. शेवटी ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’. ही शेवटची आज्ञा विसरली की बदल लागू होत नाही. एफएसटॅबमधली (बूट होताना कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीच्या फाइलमधली) स्वॅपची ओळही त्याच वेळी तपासा.

नव्वद सेकंद आणि ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ दिसली तर सिस्टमडी, म्हणजे कर्नलनंतर बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम, एखाद्या पार्टिशनची वाट पाहतंय. ओळीत त्याचं नाव असतंच. एफएसटॅबमध्ये त्याचा यूयूआयडी दुरुस्त करा किंवा ‘नोफेल’ (ते मिळालं नाही तरी पुढे जा) हा पर्याय जोडा.

विंडोजसोबत लिनक्स असेल तर फास्ट स्टार्टअप

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजचं ‘शट डाउन’ पूर्ण बंद होणं नसतं. चालू प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचं कर्नल हायबरनेट होऊन डिस्कवर जतन होतं. त्यामुळे विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघड्या अवस्थेत राहतं. लिनक्स ते जोडायला नकार देतं किंवा फक्त वाचण्यापुरतं जोडतं. हे पार्टिशन एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’शिवाय असेल तर बूट थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. काही वायफाय कार्डंही विंडोजने सोडलेल्या अवस्थेतून लिनक्समध्ये जागी होत नाहीत.

ओळखायची खूण सोपी आहे. विंडोजमधून ‘रिस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आलात तर चालतं, ‘शट डाउन’ करून आलात तर अडकतं. कारण रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ निवडलं तरी पूर्ण बंद होतं, तेवढ्यावरही खात्री करता येते.

कायमचं बंद करायला विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, मग ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वर असलेली ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही लिंक, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढा. किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. दुसऱ्या मार्गाने हायबरनेटही जातं, पण डिस्कवरची काही जीबी जागा मोकळी होते. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ही खूण पुन्हा पाहून घ्या.

खरोखर अडकत असेल तर

पहिली गोष्ट पॅरामीटर नव्हे, जुनं कर्नल. ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली आधीची कर्नल असतात. जुन्यावर नीट चालत असेल तर दोष नव्या आवृत्तीत शिरला आहे. जुन्यावरच राहा, ते कर्नल काढून टाकू नका आणि पुढचं अपडेट आल्यावर पुन्हा पाहा. यात अर्धा तास वाचतो.

दोन्हींवर अडकत असेल तर ‘एसीपीआय=ऑफ’ एकदाच द्या. तरीही अडकलं तर एसीपीआय निर्दोष आहे, दुसरीकडे शोधा. सुरू झालं तर ते काढा आणि पुढचे पर्याय एकावेळी एक असे द्या. दोन-तीन एकत्र दिले तर कशाने सुटलं ते कळत नाही आणि नको ते कायमचं चिकटून राहतं.

दोष अधूनमधून येणारा असेल तर किती वेळा तपासायचं याचा हिशेब करा. पाचपैकी एकदा अडकणारं मशीन काहीही न बदलता सलग तीनदा नीट सुरू होण्याची शक्यता ५१ टक्के आहे. सलग दहा वेळा नीट सुरू होण्याची सुमारे ११ टक्के, पंधरा वेळा साडेतीन टक्के. म्हणून तीनदा सुरू झालं म्हणून ‘सुटलं’ असं म्हणू नका. पंधरा खेपा मोजा, त्याही पूर्ण बंद करून. निम्म्या चार्जरवर आणि निम्म्या बॅटरीवर घ्या.

*ग्राफिक्स कार्ड.* इंटेलच्या जोडीला एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर मी सुरुवात इथूनच करायला सांगेन. खूण अशी: लॉगिनच्या आसपास अडकतं, सुरू झालंच तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ टाइप केल्यावर ती आज्ञा परत येत नाही, आणि शट डाउनही अडकतं. काम नसताना एनव्हिडिया कार्डाची वीज पूर्ण तोडली जाते आणि परत जोडताना फर्मवेअरचा कोड फसतो. २०१६ च्या ऑक्टोबरात आलेल्या कर्नल ४.८ पासून पीसीआय एक्स्प्रेसचे (ज्यांतून ग्राफिक्स कार्ड जोडलेलं असतं ते) पोर्टही झोपवले जाऊ लागले आणि हा दोष अनेक मॉडेलांवर उघडा पडला.

आधी ‘नूव्हो.रनपीएम=०’ देऊन पाहा (नूव्हो हा एनव्हिडिया कार्डाचा लिनक्समधला खुला ड्रायव्हर). याने कार्ड बंद होणंच थांबतं. किंवा ‘पीसीआयई_पोर्ट_पीएम=ऑफ’, याने पोर्ट जागे राहतात. दोन्हींनी बॅटरी थोडी लवकर संपते, पण बाकी सगळं शाबूत राहतं. ‘नोमोडसेट’ने मशीन बहुधा सुरू होईल, मात्र त्याने इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हरही बंद पडतो आणि रिझोल्यूशन घसरतं, ते फक्त आत शिरून ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ चालवण्यापुरतं वापरा.

त्यानेही नाही सुटलं तर फर्मवेअरला जुन्या विंडोजचं नाव सांगायचं. दोन पॅरामीटर एकामागे एक: ‘एसीपीआय_ओएसआय=!’ आणि मग ‘एसीपीआय_ओएसआय="विंडोज २००९"’. पहिल्याने कर्नल नेहमी सांगतं ती सगळी नावं पुसली जातात, दुसऱ्याने एकच नाव परत येतं. ‘विंडोज २००९’ म्हणजे विंडोज ७, ‘विंडोज २०१५’ म्हणजे विंडोज १०. जुनं नाव ऐकून फर्मवेअर कार्डाची वीज जुन्या पद्धतीने हाताळतं. डब्ल्यू मोठ्या लिपीत आणि आकड्याआधी एक जागा हवी, म्हणूनच अवतरणचिन्हं लागतात. कधी याने स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं किंवा टचपॅड बिघडतो. तसं झालं तर २०१२ आणि २०१३ ही नावंही देऊन पाहा.

*एनव्हीएमई एसएसडी.* बूट थांबून ‘बिझीबॉक्स’चा (आणीबाणीसाठीचा) कमांड प्रॉम्प्ट आला आणि वर ‘डझ नॉट एग्झिस्ट’ असं लिहिलेलं असेल, किंवा लॉगमध्ये ‘कंट्रोलर इज डाउन’ दिसलं, तर डिस्क झोपली आणि उठली नाही. २०१७ मधल्या कर्नल ४.११ पासून लिनक्स एनव्हीएमई डिस्कला आपोआप खोल झोपेत जाऊ देतं. ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ ने ती झोप पूर्ण बंद होते. सुटलं तर ० ऐवजी ५५०० देऊन पाहा; उथळ झोप चालू राहते आणि फक्त उठायला जास्त वेळ लावणारी टळते. नाही सुटलं तर ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’. मात्र डिस्कचं आरोग्यही ‘स्मार्टसीटीएल’ने तपासा, कारण मरणाऱ्या डिस्कचं लक्षण अगदी असंच दिसतं.

*प्रोसेसरची झोप.* २०१३-१४ च्या स्वस्त लॅपटॉपांमधले बे ट्रेल प्रोसेसर, सेलेरॉन एन२८४० किंवा पेंटियम एन३५४० यांसारखे, खोल सी-स्टेटमध्ये (झोपेच्या पायरीत) जाऊन गोठण्यासाठी बदनाम आहेत. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा त्यावरचा उपाय. इथे १ च्या जागी ० दिलं म्हणजे झोप पूर्ण बंद होते असा गैरसमज आहे. शून्याने फक्त इंटेलचा ड्रायव्हर बाजूला होतो आणि त्याची जागा एसीपीआयचा ड्रायव्हर घेतो, जो पुन्हा खोल झोपेत नेऊ शकतो.

*वीज वाचवणारी साधनं.* टीएलपी, किंवा पॉवरटॉपची ‘ऑटो-ट्यून’ सर्व्हिस लावली असेल तर तिलाही तपासाबाहेर काढा. त्यासाठी आत शिरायचीही गरज नाही: ग्रबमध्येच ‘सिस्टमडी.मास्क=टीएलपी.सर्व्हिस’ लिहिलं की त्या खेपेला ती सुरू होत नाही.

बूट होतं पण अतिशय हळू, आणि पंखा ओरडतो, अशी तक्रार असेल तर ‘/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स’ या फोल्डरातल्या जीपीई नावाच्या फाइली वाचा. एखाद्यातला आकडा लाखांत असेल आणि बघता बघता वाढत असेल तर तिथून इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरला हाक मारणाऱ्या इशाऱ्यांचा, पूर येतोय. समजा ती ६ई असेल, तर ‘एसीपीआय_मास्क_जीपीई=०एक्स६ई’ ने फक्त तेवढीच गप्प करता येते.

ग्रबनंतर एकही ओळ नाही

‘लोडिंग इनिशियल रॅमडिस्क’नंतर काहीच दिसत नसेल तर ‘अर्लीकॉन=ईएफआयएफबी’ जोडून पाहा, काही मशीनवर सुरुवातीच्या ओळी दिसू लागतात. त्याआधी एक विनाखर्चाची गोष्ट करा. मशीन बंद करा, चार्जर काढा, यूएसबीला लावलेलं सगळं काढा, बॅटरी निघत असेल तर तीही. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. बॅटरी, पंखा, कीबोर्ड सांभाळणारा छोटा कंट्रोलर कायम वीज घेत असतो, म्हणून साध्या रिस्टार्टने त्याची अडकलेली अवस्था सुटत नाही. बॅटरी आत बसवलेल्या काही मॉडेलांना यासाठी मागे टाचणीचं छिद्र असतं. याने दोष गेला आणि आठवड्याने परत आला, तर मूळ कारण बहुधा वरच्यांपैकीच एक आहे.

कायमचं करताना

जो एक पॅरामीटर उपयोगी पडला तोच ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये, ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या ओळीच्या अवतरणचिन्हांच्या आत लिहा. आधी फाइलची प्रत काढा. विंडोजचं नाव लिहायचं असेल तर त्याच्या दोन्ही अवतरणचिन्हांआधी उलटी तिरकी रेघ हवी, नाहीतर बाहेरची अवतरणं तिथेच मिटतात आणि ओळ तुटते. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. फेडोरावर हेच काम ‘ग्रबी’ला ‘--अपडेट-कर्नल=ऑल’ आणि ‘--आर्ग्स’ देऊन होतं; यातला ऑल मोठ्या लिपीत. रिस्टार्टनंतर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने खरोखर पोचलंय का ते पाहा. पॅरामीटरच्या नावात एक अक्षर चुकलं तर कर्नल बूट थांबवून तक्रार करत नाही, पुढे जातं, आणि ‘उपाय चालला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मूळ चूक फर्मवेअरची असल्यामुळे खरी दुरुस्तीही बहुधा तिथूनच येते. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर रिफ्रेश’, मग ‘गेट-अपडेट्स’, मग ‘अपडेट’. चार्जर लावलेला ठेवा आणि बॅटरीही पुरेशी भरलेली असू द्या. बायोस अपडेट झाल्यावर ग्रबमधून पॅरामीटर एका खेपेपुरता काढा आणि पंधरा खेपांची चाचणी पुन्हा घ्या.

तरीही सुटलं नाही आणि वितरणाकडे (उबुंटू, फेडोरा वगैरेंकडे) बग नोंदवायचा असेल, तर मॉडेलचं पूर्ण नाव, ‘डीएमआयडीकोड’मधली बायोसची आवृत्ती व तारीख, ‘यूनेम -ए’, अडकलेल्या खेपेच्या शेवटच्या ओळींचा फोटो, कोणत्या पॅरामीटरने सुटतं आणि कोणत्याने नाही याची यादी, आणि ‘एसीपीआयडंप’ची फाइल, इतकं पहिल्याच वेळी जोडा.